कडीवालीचा दस्ता

मी आज जो काही आहे, त्यात सर्वांत मोठा वाटा हॅम्बर्गच्या जगतापकाकांचा आहे. आई-वडिलांनंतर मी त्यांचेच नाव घेतो. आम्हा विद्यार्थ्यांत मात्र त्यांना कोणी जगतापकाका म्हणत नसे. ते तेलकाका होते. त्यांच्या उजव्या तळहाताला बारा महिने जवसाच्या तेलाचा वास येई. मंडळाच्या गणपतीला ते आले, की कापूर आणि उदबत्तीच्या वासात जवसाचा वास मिसळे. कोणी नाक मुरडले तर म्हणत, "माणसाच्या हाताला कशाचा तरी वास हवा. तुमच्या बोटांना तर कीबोर्डचाही येत नाही."

मला तो वास परका नव्हता. लातूरकडच्या आमच्या घरी जवसाची चटणी कायम असे. हॅम्बर्गला आल्यावर पाच आठवडे मी खोली शोधत होतो. खोली नाही म्हणून पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, नाही आणि ती नाही म्हणून बाकीचे कुठलेच काम पुढे सरकत नव्हते. शेवटी कोणीतरी काकांचा पत्ता दिला. हारबुर्ग या उपनगरातल्या त्यांच्या घराचे दार त्यांनी उघडले तेव्हा आधी तो वास आला आणि मला रडूच कोसळले. काकांनी कारण विचारले नाही. "आधी टॉवेल घे," ते म्हणाले, "मग तो पत्त्याचा फॉर्म दे, घरमालक म्हणून सही करतो. बाकीचं जेवल्यावर."

तेल कशासाठी, ते तळघरात कळले. तिथे मऊ कापड गुंडाळलेल्या शिकंजात अक्रोडाच्या लाकडाचा एक दस्ता धरलेला होता. तो एका जुन्या रायफलीचा होता. या रायफलीला खालच्या बाजूला लोखंडी कडी असते. ती पुढे ढकलून मागे ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते आणि नवे आत बसते. जुन्या अमेरिकन सिनेमातल्या घोडेस्वारांच्या हातात दिसते तशी. काका तिला कडीवाली म्हणत.

कडीवाली खरे तर हेल्गाकाकूंसाठी घेतली होती. काका मूळचे कऱ्हाडचे, जहाजावर इंजिनीअर, काकू हॅम्बर्गच्याच. दोघेही गावच्या नेमबाजी क्लबाचे सभासद होते, आणि काकूंचा नेम काकांपेक्षा चांगला होता, असे काका स्वतःच सांगत. जुनी रायफल मिळाली, पण तिचा दस्ता लांब होता, त्यावर जाड, चकचकीत व्हार्निश होते आणि कडीचा काठ काकूंच्या बोटांना लागत असे. "थांब, मी हिला तुझ्या मापाची करतो," असे काकांनी कबूल केले. दस्ता कापून आखूड केला, व्हार्निश खरवडून काढले, कडीला पातळ चामड्याची पट्टी शिवली. तेवढ्यात काकू गेल्या. मी राहायला गेलो तेव्हा त्या गोष्टीला सात वर्षे झाली होती आणि काका अजून तोच दस्ता घासत होते.

त्यांची शिस्त कडक होती. "लाकूड आपलं, लोखंड कायद्याचं," हे त्यांचे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले. लोखंडाला काही करायचे असेल तर रायफल परवानाधारक कारागिराकडे जाई. घरी फक्त लाकूड आणि चामडे. लोखंड तिजोरीत, आणि किल्ली काकांच्या गळ्यात, जानव्याच्या जागी. तिजोरी उघडायची असेल तर मला आधी हुकूम सुटे, "विद्वान, हात मागे!" मी शाळेतल्यासारखा हात मागे बांधून उभा राही. दस्त्याला हात लावायला मात्र बंदी नव्हती.

लाकडाचे काम मी त्यांच्याकडूनच शिकलो. पॉलिश पेपरने घासायचे, मग ओल्या फडक्याने पुसायचे. पाणी लागले की लाकडाचे केस, म्हणजे बारीक तंतू, उभे राहतात. वाळले की ते घासून काढायचे. असे तीन-चारदा केल्यावर लाकूड गप्प बसते. मग तेलाचे थेंब टाकून तळहाताने चोळायचे, हाताच्या उबेने ते आत मुरेपर्यंत. मग दिवसचे दिवस वाळू द्यायचे. बाहेर पाऊस चालूच. "या गावात तेल वाळत नाही, माणूस वाळतो," काका म्हणत.

दस्ता जवळजवळ पूर्ण झाला, की काका भिंग लावून बसत आणि कुठेतरी एक डाग शोधून काढत. मला तो कधीच दिसला नाही. "हा काय," असे म्हणून ते सगळे तेल पुन्हा घासून काढत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. आरामखुर्चीत टीव्हीसमोर बसलेले काका मी कधी पाहिले नाहीत. वर काकूंची खोली बंद होती. मुलगी मीरा दूर दक्षिणेत वाल्डॉर्फला, रविवारी तिचा फोन येई. काका मराठीत बोलत, ती जर्मनमध्ये उत्तर देई, आणि पाच मिनिटांत काका पुन्हा खाली येत.

त्यातच डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले, की नजरेचा मधला भाग विझत चालला आहे. वर्ष-दीड वर्ष हातात आहे. नजर गेली की परवाना परत करायचा आणि रायफल दुसऱ्या परवानाधारकाला द्यायची. काका मला म्हणाले, "मला डोळ्यांचं एवढं नाही रे. पण ही कुणाच्या हातात जाणार, ते दिसायला हवं."

त्याच उन्हाळ्यात माझेही गाडे अडकले होते. एका विषयात मी दोनदा नापास झालो होतो. तिसरा प्रयत्न शेवटचा, तोही तोंडी, जर्मनमध्ये. त्यातही नापास झालो असतो तर विद्यापीठातून नाव कमी होऊन घरी परतावे लागले असते. माझे वडील एसटी डेपोत हेल्पर. घरातला पहिला पदवीधर मी. घरी मी काहीच कळवले नव्हते. काकांना सांगितले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. "स्टुलावर बस. मी घासतो, तू बोल. अडकलास की मीही थांबणार."

सहा आठवडे रोज संध्याकाळी मी त्या तळघरात बोलत राहिलो. काकांना विषय कळत नव्हता, पण माझा आवाज कुठे डळमळतो ते बरोबर कळे. पेपरचा खरखर आवाज थांबला, की मी समजून जाई. "आल्झो?" म्हणजे 'मग?', एवढेच ते म्हणत. मी पुन्हा सुरुवात करी. परीक्षेत प्रोफेसरांनी पहिला प्रश्न विचारला तेव्हा माझ्या कानात ती खरखर चालू होती. मी पास झालो. काकांना फोन केला तर म्हणाले, "गेनाऊ, बरोबर. येताना कोथिंबीर आण."

मला काकांसाठी काहीतरी करायचे होते. आठ-दहा दिवसांनी खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी वडील डेपोतल्या पान्यांना हळदकुंकू लावत. काका डॉक्टरकडे गेले होते. मी वाटीत हळद कालवली, तळघरात गेलो आणि शिकंजातल्या दस्त्यावर पाच बोटे उठवली. वर कुंकू, समोर झेंडूऐवजी बागेतले एक पिवळे फूल. हात जोडून उभा होतो, तेव्हा लक्षात आले, की काकांनी आदल्याच दिवशी सगळे तेल काढून लाकूड कोरे केले होते. मी फडक्याने पुसले. हळद आणखी आत गेली. पाची बोटे पिवळीधमक दिसू लागली.

काका आले, पायऱ्यांवरच थांबले. जवळ येऊन डोळे दस्त्याला टेकतील इतके वाकले.

"कुणी केलं?" घरात आम्ही दोघेच असताना त्यांनी विचारले.

"काका, खंडेनवमी होती... मी घासून काढतो."

"हात मागे!"

मी हात मागे बांधले. काकांनी एकेका पिवळ्या बोटावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "चाळीस वर्षांत या घरात खंडेनवमी झाली नाही. हेल्गा दर वर्षी विचारायची, तुमच्यात हत्यारांचा सण असतो ना, कसा करतात? मी म्हणायचो, पुढच्या वर्षी." त्यांनी पेपर उचलून कचऱ्यात टाकला. "इतकी वर्षं नसलेले डाग काढतोय. आज खरा पडला, तर आता काढावासा वाटत नाही. तेल आण."

त्या दिवशी त्यांनी पिवळ्या बोटांवरून, न घासताच, तेल दिले. महिनाभरात दस्ता पूर्ण झाला. कडीवाली जोडून त्यांनी एकदा खांद्याला लावली, काकूंच्या मापाची असल्यामुळे त्यांना ती आखूड पडली, आणि तिजोरीत ठेवली.

मग त्यांनी मला विचारले. "क्लबात नाव घाल. वर्षभर ये, परीक्षा दे, परवाना मिळेल. तुझ्या नावावर करतो. घेशील?"

मला दक्षिणेकडे, एश्बॉर्नला नोकरी मिळत होती. व्हिसा नवा, बंदुकीची भीती, आईला काय सांगायचे, सगळे एकदम मनात आले. मी म्हणालो, "बघतो, काका."

"बघतो म्हणजे काय, ते मला अजून कळतं. इथली माणसं नाही म्हणायचं तर सरळ नाइन म्हणतात, बरं असतं. तू सरळ सांग."

मी सरळ सांगितले नाही. एश्बॉर्नला आलो. इथे शनिवार-रविवारी ऑफिसांच्या इमारती रिकाम्या असतात आणि दोन-दोन दिवस माझा स्वतःचा आवाज मला ऐकू येत नाही. फोनवर काका पुन्हा कधी विचारत नसत. मीही विषय काढत नसे. नजर गेली, घर विकले गेले, मीराने त्यांना वाल्डॉर्फजवळच्या वृद्धाश्रमात नेले. नंतर कळले, की कडीवाली क्लबातल्या एका तरुण सभासदाने घेतली. त्याला काळा प्लॅस्टिकचा दस्ता हवा होता. जुना काढून त्याने परत दिला.

मीराचा फोन आला. सगळे बोलणे जर्मनमध्ये, त्यात एकच मराठी शब्द होता : लाकूड. ते मला हवे का, असे काकांनी विचारले होते. मी त्याच शनिवारी तिच्या घरी गेलो आणि दस्ता घेऊन आलो. काकांना न भेटता परतलो. मीरा म्हणाली, आश्रमात ते आता झोपले असतील, आणि मला ते ऐकून हायसे वाटले, हे इथे लिहितो.

परत आल्यावर त्यांना पत्र लिहिले. मीराला मराठी कळते, पण देवनागरी वाचता येत नाही. तिला ते काकांना वाचून दाखवता यावे म्हणून सगळे रोमन अक्षरांत लिहिले. ते असे :

"ती. काकांना दत्ताचा सा. नमस्कार.

तुम्ही सरळ उत्तर मागितलं होतं. उत्तर नाही असं होतं. मला भीती वाटली, आणि तुम्हाला नाही म्हणायची त्याहून जास्त भीती वाटली. तुमच्या समोर बसून मी सहा आठवडे बोललो आणि एवढा एक शब्द बोललो नाही. माफ करा.

लाकूड माझ्याकडे आहे. काल त्याला तेल दिलं, तळहाताने, फडक्याने नाही. आज एस-बानच्या लोकलमध्ये शेजारची बाई माझ्या हाताकडे बघून उठून गेली.

येत्या शनिवारी दस्ता घेऊन येतो. तुमचे हात मागे नकोत, पुढे असू द्यात. हळदीच्या पाण्याने पाच जागी लाकडाचे केस उभे राहिले होते, आणि त्या दिवशी तुम्ही ते घासले नव्हते. ते अजून तसेच आहेत. डोळे मिटून हात फिरवला की एकेक बोटाचा ठसा लागतो. मी मोजून पाहिले.

तुमचा,
दत्ता"