यादीत नसलेलं मशीन

माझे धाकटे दीर एका रुग्णालयात नेटवर्कचं काम बघतात आणि मी तिथेच अतिदक्षता विभागात नर्स आहे. घरात त्यांचं नाव पडलंय 'यादीवाले'. किराणा असो की प्रवास, भावजींची यादी आधी तयार, आणि प्रत्येक ओळीपुढे दोन खुणा: एक काम केल्याची, दुसरी तपासल्याची. मी विचारते, "भावजी, श्वास घ्यायचं लिहिलंत का?" ते हसत नाहीत. विनोद त्यांना दुसऱ्या दिवशी कळतो.

आमच्याकडे मॉनिटर, प्रिंटर, फोन, कॉम्प्युटर, सगळे एकाच नेटवर्कवर होते. मशीनसाठी दोनशे छप्पन्न पत्ते आणि सगळ्यांचा गलका सगळ्यांच्या कानावर. त्यात नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या पडद्यावर पेशंटचे आकडे मध्येच थबकायचे. म्हणून भावजींनी नेटवर्कचे चार भाग करायचं ठरवलं, चौसष्ट-चौसष्ट पत्त्यांचे. आमच्या विभागाचा जुना हॉल आणि तो पडदा पहिल्या भागात, नवा हॉल दुसऱ्यात, बाकीचं पुढच्या दोघांत. एका भागातून दुसऱ्यात जायचं तर राउटरमधून, म्हणजे भागांना जोडणाऱ्या पेटीतूनच.

"प्रत्येक मशीनला दोन गोष्टी सांगाव्या लागतात, वहिनी," जेवताना ते म्हणाले होते. "तुझा पत्ता कोणता आणि तुझा भाग कुठवर. दुसरी लोक विसरतात."

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी या बदलासाठी सकाळी दहाची वेळ दिली, कारण तेव्हा सगळा स्टाफ हजर असतो. नव्या हॉलमध्ये नवव्या खाटेवर त्या दिवशी माझे सासरे होते. न्यूमोनिया झाला होता.

दहाला बदल झाला. जुन्या हॉलचे आकडे पडद्यावर आले. नव्या हॉलच्या अकरा खाटांच्या जागी नुसत्या रेघा.

खाटेजवळचे मॉनिटर चालू होते, पण टेबलावर बसून काहीच कळत नव्हतं. अकरा खाटांना आम्ही चौघी.

"दहा मिनिटं," डॉक्टरीणबाई भावजींना म्हणाल्या. "नाहीतर सगळं होतं तसं करा."

मी तिसऱ्या खाटेशी होते तेव्हा नवव्या खाटेचा मॉनिटर ओरडायला लागला. धावले. सासऱ्यांनी झोपेत ऑक्सिजनचा मास्क हनुवटीखाली ओढला होता. मी तो नीट बसवला. ऑक्सिजनचा आकडा चौऱ्याऐंशी. मग त्र्याऐंशी. आकडा वर सरकेना. काचेपलीकडे भावजी टेबलाशी बसले होते. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मी कुठल्या खाटेशी आहे तेही पाहिलं, आणि पुन्हा कागदात डोकं घातलं. माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. बाप इथे धापा टाकतोय आणि हे खुणा मोजतायत!

खरं तर त्या खुणांवरूनच त्यांना चूक सुचली होती. सगळ्या ओळींना दोन-दोन खुणा होत्या. म्हणजे चूक यादीत नव्हतीच. यादीत नसलेल्या कशात तरी होती. आणि यादीत नव्हता तो नेमका समोरचा मोठा पडदा. सहा वर्षांपूर्वी त्यांनी तो स्वतःच्या हातांनी बसवला होता, त्याचं सगळं तोंडपाठ होतं, म्हणून लिहिलाच नाही. त्याला अजून वाटत होतं की सगळे दोनशे छप्पन्न पत्ते आपल्याच भागात आहेत. त्यामुळे राउटरकडे न जाता तो नव्या हॉलला थेट हाका मारत होता. शेजारच्या इमारतीतल्या माणसाला आपल्या जिन्यात उभं राहून हाका माराव्यात, तसं. भावजींनी त्याचा भाग कुठवर ते सांगणाऱ्या आकड्यातलं शेवटचं शून्य खोडून तिथे एकशे ब्याण्णव घातलं.

दहा वाजून नऊ मिनिटांनी अकराही खाटा पडद्यावर आल्या. नववीचा आकडा एक्क्याण्णव होता.

दुपारी सासरे जागे झाल्यावर भावजी आत आले आणि खाटेशी उभेच राहिले.

"बाबा, चूक माझी होती. नऊ मिनिटं तुमचा आकडा टेबलावर कुणालाच दिसत नव्हता."

सासऱ्यांनी मास्क जरासा उचलला. मी रागावणार होते, पण थांबले.

"तुलाही नव्हता दिसत?"

"नाही."

"मग फार घाबरला असशील रे," ते म्हणाले.

भावजी खाली बसले आणि बापाच्या पांघरुणात तोंड खुपसून रडले.