खिळा न ठोकलेलं घर

मुलुंडचं आमचं घर कागदोपत्री मालकीणबाईंचंच होतं. तरी दर महिन्याला हप्ता घ्यायला आल्या की त्या छत्रीनं दार वाजवून विचारायच्या, "अहो मालक, आत येऊ का?" माझे वडील, अण्णा, संकोचानं अर्धे होत.

कारकुनाला घरासाठी कर्ज कोण देणार? गहाण टाकायलाही आमच्याजवळ काही नव्हतं. मग या एकट्या विधवा बाईंनीच साठेखत करून दिलं. थोडे पैसे आधी, बाकीचे दरमहा त्यांच्याच हातात. राहायला लगेच या, खरेदीखत शेवटच्या हप्त्याला. "एकरकमी पैसे आले तर पुतणे नेतील. हप्त्यानं माझी चूल पेटते," त्या म्हणायच्या. दोन खोल्या, पडवी, मागे शेवगा! चाळीतून आलेल्या मला आनंदानं झोप येईना.

मी इंग्रजी शाळेतली, म्हणून त्यांनी माझं नाव 'मडम' ठेवलं. त्यांच्यासमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे.

एकदा त्यांना आमच्या तसबिरी जमिनीवर टेकवलेल्या दिसल्या. अण्णा म्हणाले, "खरेदीखत झालं नाही. दुसऱ्याच्या भिंतीला खिळा कसा ठोकायचा?"

"दुसऱ्याच्या? मी काय धर्मशाळा चालवते?" बाई उसळल्या. शेजारून हातोडी आणवली, पदर खोचला आणि खिळे स्वतः ठोकले. एक वाकडा गेला. "असू दे. आता घर वाटतंय!"

पुढे अण्णा आजारी पडले, हप्ते चुकले. साठेखताप्रमाणे बाईंना घर परत घेता आलं असतं. आणि एका सकाळी त्या वखारीच्या शेटना घेऊनच आल्या. शेट सगळी रक्कम रोख द्यायला तयार होते. ते खोल्या न्याहाळू लागले, आई चुलीपाशी थिजली आणि मी ओरडले, "नका ना विकू! आमचं आहे हे!"

"ऐकलंत, शेट?" बाई खुशीत म्हणाल्या. "रोज माझं डोकं खाता. घर केव्हाच विकलंय मी. घ्यायचं तर आता या मडमला विचारा!" अण्णांना म्हणाल्या, "आधी बरे व्हा. हप्ते कुठे पळून जात नाहीत."

पुढे यथावकाश खरेदीखत झालं. अण्णांबरोबर मीही कचेरीत गेले होते. तिथूनच बाई थेट नागपूरला, भावाकडे राहायला निघाल्या. टांग्यात बसता बसता माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "पळ, आईला तू सांग. अण्णा हळू आवाजात सांगतील, त्यात काय मजा?"

मी पळत सुटले. फाटकातूनच अशी ओरडले, "आई, झालं गं! आपलं झालं!" की सगळी आळी बाहेर आली.