हणमंताचा गुडघा

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, देवापुढं बसलो तेव्हाही नाही. तुम्हाला सांगायला बसलोय खरा, पण सरळ सांगता येईल का — ते ठाऊक नाही.

साताऱ्याबाहेर हायवेला माझं हॉटेल आहे. आधी पत्र्याची शेड होती, चहा आणि भजी. मग मटणाची खानावळ झाली, मग वर लॉजच्या खोल्या. माणसं मला आण्णा म्हणायला लागली. आणि हॉटेलच्या नावानं मी कबड्डीचा संघ उभा केला. पिवळ्या बनियनी, छातीवर हॉटेलचं नाव. मी स्वतः कधी खेळलो नाही. लहानपणापासून दम्याचा माणूस, दम कोंडून चढाई कुठली करणार? पण मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसलो की वाटायचं, ती चढाई मीच करतोय.

ती चढाई करायचा हणमंत.

दुष्काळाच्या सालात तो माण तालुक्यातून खडी फोडायला आला होता. माझ्या हॉटेलसमोरच रस्त्याचं काम चालायचं. दुपारच्या सुट्टीत ढिगाशेजारी गडी हुतूतू खेळायचे, आणि हा एकटा चौघांना ओढत रेघेवर यायचा. मी त्याला हॉटेलात घेतला. जेवू घातलं, खुराक दिला, तेल लावून मालिश करायला माणूस ठेवला. वर्षा-दोन वर्षांत त्याचं नाव पार कोल्हापूरपर्यंत गेलं. ट्रकवाले त्याला बघायला गाडी थांबवायचे आणि जेवून जायचे. तो पुढ्यातून गेला की मला काय वाटायचं? ह्याला मी घडवलाय. हा माझा आहे.

माझा — हा शब्द ध्यानात ठेवा.

सांगलीला अंतिम सामना होता, कडेगावच्या संघाशी. सकाळी हणमंत माझ्याकडं आला, खाली बघत बोलला. "आण्णा, मुंबैच्या कंपनीनं बोलावलंय. त्यांच्या संगात. नोकरी बी देत्यात."

"मग?"

"जावं म्हनतो. आईला बी न्हेतो. तितं घरात नळाला पानी येतंय म्हनं."

मी हसलो. पाठीवर थाप मारली. चांगलं झालं गड्या, म्हणालो. त्यानं माझ्या पायाला हात लावला. आणि दिवसभर मी मनात तेच घोकत राहिलो, हा माझा आहे.

सामना अटीतटीचा झाला. शेवटच्या चढाईत हणमंतला कडेगावच्या दिनकरनं धरलं. दिनकर त्यांचा पकडीचा गडी, अंगानं खांबासारखा. हणमंतचा हात रेघेला लागला की नाही, यावर वाद पेटला. पंचांनी शिट्टी वाजवायच्या आत माणसं आत घुसली. दगड आले, चपला आल्या, कुणीतरी पंचांनाच आडवं केलं. एकाच्या डोक्यातून रक्त गळत होतं आणि तो तसाच लाथा घालत होता. धुळीत कोण कुणाला मारतंय कळेना.

मी हणमंतला बाहेर काढायला धावलो. हे खरं आहे. मग वाटेत पडलेला मांडवाचा वासा मी कशाला उचलला?

हणमंत माझ्याकडं पाठ करून उभा होता. तो मारत नव्हता — आमच्याच एका गड्याला कमरेला धरून मागं ओढत होता. समोर दिनकर पाठमोरा होता, तोही आपल्या माणसांना दोन्ही हात पसरून आडवत होता. भांडण सोडवणारे तेवढेच दोघं होते त्या मैदानात.

मी वासा फिरवला. हणमंतच्या गुडघ्यामागं बसला. तो तोंडघशी खाली आला, पाय आडवा पडला. मागं वळून बघायला त्याला सुचलं नाही. तिथं मी थांबलो असतो तर महिनाभर लंगडून तो मुंबईला गेला असता. मला ते तेव्हाही कळत होतं. म्हणून मी पुन्हा वासा उचलला — नीट बघून, दोन्ही हातांनी — आणि वरून त्याच्या गुडघ्यावर घातला. एवढ्या कालव्यात हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मग वासा फेकला आणि त्याच्यावर पालथा पडलो, त्याला वाचवायला धावल्यासारखा. लोकांनी तेवढंच पाहिलं.

दवाखान्यात नेताना ट्रकमध्ये त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. ओठ दातांनी फाटला होता.

"कुनी मारलं, आण्णा? तुमी बगितलं?"

दिसलं नाही, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मी म्हणालो, "दिनकरनं."

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. कडेगावच्या बाजाराच्या दिवशी आमची पोरं माझ्या जीपमधून गेली. जीप मी चालवत होतो. त्यांनी दिनकरला उसाच्या बांधावर गाठला, चौघं त्याच्या अंगावर बसले, उजवा हात दगडावर ठेवला आणि दुसऱ्या दगडानं ठेचला. बोटं, तळवा, मनगट. "म्या न्हाई मारलं, आईची शपत," असं तो ओरडत होता. मी काच वर केली. पोलीस आले तेव्हा मी सांगितलं, पोरं दिवसभर हॉटेलात होती.

हणमंतचा पाय पुन्हा वाकला नाही. मी त्याला गल्ल्यावर बसवला, त्याचं लग्न लावून दिलं, मागं खोली बांधून दिली. मालक असावा तर असा, लोक म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो.

काही वर्षांनी एक एसटी हॉटेलसमोर बंद पडली. उतरलेल्या माणसांत दिनकर होता. सरळ गल्ल्यापाशी आला. उजवा हात वाळलेल्या मुळीसारखा छातीशी धरलेला.

"गड्या, त्या दिशी म्या तुला हात लावला न्हवता. आमच्या मानसास्नी आडवत हुतो."

"आण्णांनी डोळ्यांनी बगितलंय," हणमंत म्हणाला.

दिनकर माझ्याकडं वळला. आवाज चढवला नाही त्यानं. "आवं, तुमी खरंच बगितलं व्हय?"

दोघंही माझ्याकडं बघत होते. तेव्हा तरी? सांगायला काय लागत होतं?

"बघितलं," मी म्हणालो.

हणमंतनं पुढ्यातला उकळता चहा त्याच्या तोंडावर फेकला. दिनकरनं चांगल्या हातानं डोळे पुसले. गाल लाल झाला होता, कातडी सुटत होती. माझ्याकडं एकदा बघितलं — त्याला कळलं होतं, मी सांगतो तुम्हाला, त्या घडीला त्याला सगळं कळलं होतं — आणि जाऊन एसटीच्या सावलीत बसला.

मागच्या महिन्यात तो वारला. बातमी हणमंतनंच आणली, काठी टेकत वर माझ्या खोलीत आला. समोर बसला, ताठ पाय लांब करून.

"मेला त्यो," म्हणाला. "बरं झालं न्हवं, आण्णा?"

मी म्हणालो, "व्हय."