इंद्रभानची थापड

जानेफळात कुणाला पान लागलं, म्हणजे साप चावला, की माणूस धावायचा तो इंद्रभानकडे. इंद्रभान चार एकरांचा शेतकरी, अंगानं दांडगा. मामानं त्याला सूर्यग्रहणात पैनगंगेच्या कमरेइतक्या पाण्यात उभं करून मंत्र दिला होता. मंत्राचे नियम कडक होते. पडवळ खायचं नाही. रोग्याच्या घरचं पाणी प्यायचं नाही. आणि मुख्य नियम असा, की निरोप घेऊन येईल त्याच्या कानाखाली मंत्र म्हणत थापड मारायची. थापड जितकी जबर, तितकं विष खाली उतरतं.

हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून रोग्याच्या घरचं कुणी निरोप घेऊन येत नसे. सालदाराला, म्हणजे वर्षाच्या बोलीनं ठेवलेल्या गड्याला पाठवायचे.

एकोणीसशे त्रेसष्टच्या पावसाळ्यात गावचे मोठे जमीनदार उकंडराव यांच्या भावाला निंदणात साप चावला. त्यांचा सालदार पुंजाजी धापा टाकत आला. तोंडातून शब्द निघायच्या आत इंद्रभाननं हात चालवला. पुंजाजी गुरांच्या दगडी डोणीवर आदळला. त्याच्या कानातून रक्त आलं आणि थांबेना. इंद्रभानची बायको तानुबाई हिनं लुगड्याची चिंधी कोंबली तरी ती भिजून खाली टपकत राहिली.

उकंडरावांचा भाऊ वाचला. इंद्रभानला चावडीवर फेटा बांधला. पुंजाजीचा डावा कान कायमचा गेला. चालता चालता त्याचा तोल जायचा, औत धरलं की नांगरलेल्या तासात, मातीत तोंडघशी पडायचा.

इंद्रभान त्याच्या घरी गेला. पुंजाजी म्हणाला, "मालक वाचले ना, भाऊ. मंग झालं."

त्या दिवशी इंद्रभान जेवला नाही. आजवर अकरा जणांसाठी त्यानं थापड मारली होती. सात मेले होते. दर वेळी लोक म्हणत, थापड कमी पडली, आणि पुढच्या वेळी तो आणखी जोरात मारी.

"वाचले ते माह्या हातानं वाचले," तो तानुबाईला म्हणाला, "तं मेले ते कोनाच्या हातानं मेले?"

ती म्हणाली, "मले काय इचारता? हाताले इचारा."

पुढच्या वर्षी कापूस वेचताना उकंडरावांची सून अन्नपूर्णा हिच्या पायाला साप डसला. निरोप घेऊन पुन्हा पुंजाजीच आला. त्याचा एक कान गेलाच होता, म्हणून त्यालाच धाडलं होतं. तो दारात उभा राहिला, उजवा गाल पुढे केला आणि डोळे मिटले.

इंद्रभानचा हात उठला नाही. त्यानं पुंजाजीला ओट्यावर बसवलं, तानुबाईला बैलगाडी जुंपायला सांगितली आणि तिघं उकंडरावांच्या वाड्यावर गेले.

"हिले मेहकरच्या दवाखान्यात न्या," इंद्रभान म्हणाला. "मी आता मारत नाई."

"काऊन नाई मारत बे?" उकंडराव म्हणाले. "माही सून मरून राह्यली."

"हाव. म्हनूनच म्हनतो, गाडीत घाला."

उकंडरावांनी पुंजाजीची मान धरून त्याला पुढे ढकललं. वाड्यावरच्या दोघा गड्यांनी इंद्रभानचा उजवा हात धरला, त्याच्याच हातानं थापड मारवायला. त्यानं मूठ आवळली. मग काठ्या पडल्या. डोकं फुटलं, दात पडले. मनगटावर कुऱ्हाडीचा तुंबा, पात्यामागची बोथट बाजू, बसला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज अंगणाबाहेर ऐकू गेला.

सगळे त्याच्याभोवती गोळा झालेले पाहून तानुबाईनं अन्नपूर्णाला उचललं. पुंजाजीनं पाय धरले. त्यांनी तिला गाडीत टाकून सडकेवर नेलं आणि एसटीला बैल आडवे घातले. ड्रायव्हरनं मधले थांबे सोडून गाडी मेहकरला दवाखान्याच्या दारात उभी केली. अन्नपूर्णा वाचली. पायाची दोन बोटं तेवढी कापावी लागली.

आता लोकांचे डोळे उघडतील, असं तानुबाईला वाटलं. पण गाव वेगळंच बोललं. मंत्र उलटा लागला, जाणत्याचं रक्त सांडलं म्हणून विष उतरलं. उकंडरावांनीही तेच सांगितलं.

महिन्याभरानं भरदुपारी शेजारच्या गावचे चार जण दारात आले. हातात काठ्या होत्या. त्यांच्या बापाला पान लागलं होतं.

"आमाले तुमच्याशी वैर नाई," थोरला अगदी नरमाईनं म्हणाला. "थोडंसंच मारू. रक्त निघेपर्यंत."

इंद्रभानचा हात अजून झोळीत होता. तानुबाई मुसळ घेऊन उंबऱ्यावर आली आणि तिनं ते थोरल्याच्या गुडघ्यावर घातलं. तो कोसळला. दुसऱ्यानं काठी उचलली, तिनं त्याचा खांदा मोडला. उरलेल्या दोघांनी जखमींना ओढत नेलं. त्यांचा बाप त्याच संध्याकाळी गेल्याचं नंतर कळलं.

त्या आठवड्यात इंद्रभाननं जमीन बटाईनं दिली आणि दोघं शेगावला गेली. तिथं स्टेशनाजवळच्या एका लॉजमध्ये तो डाव्या हातानं पाणी शेंदायचा. ती यात्रेकरूंसाठी भाकरी थापायची. मंत्र येतो का, असं कुणी विचारलं, की तो नाही म्हणायचा.