काणीबाईंची दुसरी चिठ्ठी

काणीबाईंना तोंडावर कोणी काणीबाई म्हणत नसे. पण आपल्या पाठीमागे हेच नाव चालतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा त्यांना रागही नव्हता. पिकांच्या रोगांच्या सरकारी संग्रहात तांबेरा आणि काणी या दोन बुरशींची कपाटं एकवीस वर्षं त्यांच्याच ताब्यात होती. पानावर गंजासारखी पूड धरतो तो तांबेरा, आणि दाण्याच्या जागी काळी भुकटी भरते ती काणी. आलेल्या नमुन्यातली बुरशी ओळखायची, तिचं नाव चिठ्ठीवर लिहायचं, खाली सही आणि तारीख टाकायची आणि चिठ्ठी पाकिटावर चिकटवायची, हे त्यांचं काम. कोणाकडे पाहुण्या गेल्या तरी चहाच्या आधी कुंडीतलं पान उलटं करून बघायच्या. घरच्या बाईला वाटायचं, आपल्या घरातली धूळच शोधतेय ही.

संग्रहाचा एक जुना नियम होता. पाकिटावरची आधीची चिठ्ठी कधीही काढायची नाही. नाव चुकलेलं निघालं तर तिच्याखाली दुसरी लावायची, म्हणजे चूक कोणाची आणि कधीची हे पुढच्याला दिसतं. काणीबाईंनी भल्याभल्यांच्या चिठ्ठ्यांखाली आपल्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, आणि लावताना गालातल्या गालात हसल्याही होत्या. त्यांच्या स्वतःच्या चिठ्ठीखाली मात्र आजवर कोणी काही लावलं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो लपत नसे.

त्या दिवशी अकराच्या सुमारास खात्याचे साहेब स्वतः नमुना घेऊन आले. कापणीला आलेल्या शेतांतून झोडपून आणलेला किलोभर गहू. तो धुतलेल्या पाण्यात काणीचे काळे बीजाणू निघाले होते. गव्हाची काणी म्हटलं की कायदा सरळ होता. उभं पीक जाळायचं आणि पुढची पाच वर्षं त्या जमिनीत गहू पेरायचा नाही.

"चारच्या आत सही हवी, बाई," साहेब म्हणाले. "जाळणारी माणसं शेताच्या कडेला उभी आहेत. वारा फिरला तर आजचा दिवस जाईल."

"साहेब, दाणा कुठाय?"

"कसला दाणा?"

"काणी लागलेला. नुसत्या पाण्यातल्या बीजाणूंवरून नाव कसं देऊ? ते कोणाच्या अंगावरून आले ते बघायला नको?"

"नऊ वर्षांपूर्वी सही दिली होतीत की, दाणा न बघता! तेव्हा काही अडलं नाही."

साहेब सहज बोलून गेले. काणीबाईंना ते सुईसारखं टोचलं, कारण ते खरं होतं. तेव्हाही अशीच घाई होती आणि अशीच माणसं खोळंबली होती. त्यांनी बीजाणूंचा आकार मोजला, पुस्तकाशी ताडला आणि सही ठोकली. नदीच्या दोन्ही काठांचा गहू जळाला. त्यात त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचंही शेत होतं. त्याने नंतर शेतीच सोडली. आता तो ट्रक चालवतो आणि महिन्यातून दोन दिवस घरी येतो. धाकटी मात्र बहिणीच्या बाजूने ठाम उभी राहिली होती. "ताईने दिलेलं नाव म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असं ती गावाला तोंड वर करून सांगायची.

काणीबाईंनी कपाटातून ते नऊ वर्षांपूर्वीचं पाकीट काढलं. गव्हाच्या काणीचा संग्रहातला एकमेव नमुना तोच होता. दोन काचा शेजारीशेजारी ठेवून त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जुने आणि नवे बीजाणू हुबेहूब सारखे होते. तोच रंग, अंगावर त्याच मापाचे काटे.

म्हणजे प्रश्न मिटला होता. जुनी गव्हाची, तर नवीही गव्हाची. सही करायची आणि डबा खायचा.

पण काट्यांमधली फट त्यांना खुपायला लागली. पुस्तकाप्रमाणे गव्हाच्या काणीचे काटे दाट असतात, हे तर विरळ होते. नऊ वर्षांपूर्वी हे बघायला कोणाला सवड होती?

त्यांनी टेबलावर पांढरा कागद पसरला, गहू ओतला आणि चिमट्याने दाणान् दाणा बाजूला करायला घेतला. एक वाजला, दोन वाजले. डबा तसाच राहिला. मान आखडली. गव्हाचा एकेक दाणा टपोरा, निरोगी निघत होता. शिपाई दोनदा डोकावून गेला. तीन वाजून दहा मिनिटांनी चिमट्यात एक बारीक, फुगलेलं बी आलं. ते गव्हाचं नव्हतं. गव्हात उगवणाऱ्या एका रानगवताचं होतं. सुईने दाबताच ते फुटलं, आतून काळी पूड सांडली आणि सडक्या मासळीचा वास नाकात शिरला. काचेखाली तेच विरळ काटे.

काणी गवताची होती. गहू निर्दोष होता.

काणीबाई आनंदाने उठल्यासुद्धा, आणि उठल्या तशाच थिजल्या. जुने बीजाणूही असेच होते.

जुन्या पाकिटात मूठभर गहू होता. तो त्यांनी कागदावर ओतला. सापडू नये, सापडू नये, असं मनातल्या मनात म्हणत त्या शोधत होत्या. पाकिटाच्या घडीत अडकलेल्या गवताच्या दोन बिया निघाल्या. काळ्या, फुगलेल्या.

दारात साहेब आले. "चार वाजले. काय कळवू?"

"गवताची काणी. गव्हाला काही झालेलं नाही. माणसं परत बोलवा."

"नक्की?"

"दाणा बघितलाय."

साहेबांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग त्यांची नजर जुन्या पाकिटावर गेली आणि त्यांनाही उमजलं. आत येऊन त्यांनी दार लोटून घेतलं. "बाई, झाकली मूठ सव्वा लाखाची. ते कपाटात ठेवून द्या. नऊ वर्षांत कोणी उघडलं नाही, पुढे कोण उघडतंय?"

काणीबाईंनी खणातून कोरी चिठ्ठी काढली. बुरशीचं खरं नाव लिहिलं, गवताचं लिहिलं, सही केली, तारीख टाकली आणि ती आपल्याच जुन्या चिठ्ठीखाली चिकटवली. दोन्ही सह्या अगदी एकसारख्या होत्या. साहेब निघून गेले.

मग त्यांनी बहिणीला फोन लावला.

"ताई? आज कशी आठवण आली गं?"

काणीबाईंनी आढेवेढे घेतले नाहीत. पाणी, बीजाणू, गवताचं बी, सगळं सांगितलं. "तुमचा गहू चांगला होता. मी चुकले."



"हे म्हणत होते गं," धाकटी म्हणाली. "मूठभर काळं गवत घेऊन आले होते घरी. म्हणाले, हे बघ, गवत काळं पडलंय, गव्हाला काही नाही. तुझ्या ताईला दाखवूया. आणि मी काय म्हणाले माहितेय? तुम्हाला काय कळतं, ताई शिकलेली आहे. ते गवत मी चुलीत घातलं."

"तुझी चूक नाही त्यात. माझी आहे."

"ते तूच सांग त्यांना. मी नाही सांगणार. आजच आलेत, अंगणात बसलेत. थांब, देते."

काणीबाईंनी खुर्ची ओढली, पण बसल्या नाहीत. फोनमधून धाकटीची पावलं ऐकू आली, मग दाराची कडी, आणि मग तिचा आवाज: "अहो, ताईचा फोन आहे. त्या गवताबद्दल बोलायचंय म्हणते."