तीन पार्क आणि मी एकटी

बायांनो, मघाशी ह्यांचा धाटावच्या कंपनीतून फोन आला. त्यांच्या बदलीचा माणूस आजारी पडला, म्हणून कंपनीने ह्यांची सुट्टी रद्द केली. पाण्याचं, बर्फाचं, पाळण्यांचं, असं तीन पार्क फिरायचं ठरवलं होतं.

मी म्हटलं, "मग नको जाऊया."

"तू ने गो पोरीला. बस काय खाणार हाय तुला?"

हे हसले. मला रडू आलं. पेणच्या पुढे मी एकटी कधी गेली नाय. पोहता पण येत नाय. पाण्यात पोरगी सुटली तर हाक कोणाला मारू?

पोरगी माझी ओढणी घेऊन आली. "आई, हिने मला तुझ्याशी बांध."

नाय म्हणवलं नाय. रविवारी जातोय.

कोणी येता का? नुसतं काठावर बसून आमच्याकडे बघा.