भर उन्हातला ढीग

शेजारणीच्या जवळ्याचा वास आला की मला लढाईच्या काळातली एक दुपार आठवते. मी लहान होते. सरकारविरुद्ध पत्रकं वाटणारा माझा मामा दिघीला आमच्या घरी लपला होता. गोरा साहेब झडतीला येतोय कळल्यावर आईनं त्याला खळ्यात आडवा केला आणि वाळत घातलेला सगळा जवळा त्याच्या अंगावर ओढला. भर उन्हात जवळ्याचा ढीग कुणी करत नाही, तो कुजतो. साहेबाला ते ठाऊक नव्हतं, पण बरोबरचा फौजी इकडचाच निघाला. त्यानं ढीग बघितला, आईकडे बघितलं आणि संगीन बाजूच्या वाळूत खुपसून म्हणाला, "कुछ नहीं साब, सडी मच्छी." साहेब नाक दाबून पुढे गेला. फौजी हळूच आईवर खेकसला, "वयनी, उन्हात ढीग करतात व्हय? दुसरा कोन आला तर वलखंल!" आई म्हणाली, "पसरते, तू जा आधी." साहेबाला कळतं तर त्या फौजीला गोळी घातली असती. तो पुढे जगला की नाही, मला ठाऊक नाही. मामा मात्र म्हातारा होऊन, नातवंडांना शिव्या देत, स्वतःच्या खाटेवर मेला. त्यात मी खूश आहे.